माझ्या अंगातली ‘देवी’ आणि ढेल नावाची घोडी

लोक माझ्या पाया पडत होते, तेव्हा मी आजारी होते.

एवढं साधं वाक्य लिहायला मला फार वेळ लागला. मी शिक्षिका आहे. सुरतेत भेस्तानच्या बाजूला एका मराठी माध्यमाच्या शाळेत चौथीला शिकवते. ‘पूर्ण वाक्यात उत्तर द्या’ असं पोरांना रोज बजावते, आणि स्वतःबद्दलचं एक वाक्य मात्र घशात अडकवून बसले होते. आता लिहिते आहे. कारण या क्षणी कुणाच्या तरी छातीत धडधड होत असेल, हातपाय गार पडले असतील आणि घरातलं कोणी म्हणत असेल, “गॅस असेल,” किंवा “बाहेरचं असेल.” दोन्ही नसू शकतं. आणि यातून बरं होता येतं. मला बरं करण्यात डॉक्टर होते, गोळ्या होत्या, हेतलबेन होत्या आणि एक घोडी होती. घोडीचं ऐकून हसू आलं असेल तर हसून घ्या. मीही हसले होते.

हजेरी

शाळा नुकतीच सुरू झाली होती. मी हजेरी घेत होते. आमच्या वर्गात अर्धी पोरं पाटील आणि उरलेली महाजन. पाटलांची रांग चालू असतानाच मला श्वास पुरेना. बोटांना मुंग्या आल्या, हात कापायला लागले, पोरांचे आवाज लांब गेले. मला वाटलं, संपलं. आता मी वर्गात, या पोरांसमोर मरणार. मी फळ्याखाली जमिनीवर बसले. एका पोरीने पाण्याची बाटली आणून दिली, ती मला उघडता येईना.

आमचे हे बमरोलीच्या एका डाइंग-प्रिंटिंगच्या मिलमध्ये रंगमास्तर आहेत. निरोप मिळताच तसेच निघून आले, कोपरापर्यंत निळे. त्या निळ्या हातांनी मला रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं. तिथे छातीला तारा लावून पट्टी काढली, रक्त घेतलं, आणि “आजचा दिवस राहू द्या” म्हणून वॉर्डात ठेवलं. वॉर्डाचं स्वतःचं घड्याळ असतं. फिनाईलचा पोछा, मग चहा, मग बीपीवाली सिस्टर, मग डॉक्टरांची वाट. शेजारच्या खाटेवर एक गुजराती काकी होत्या. त्यांच्या मुलीने आणलेला वाफवलेल्या डाळीचा गरम लोचो त्यांनी अर्धा माझ्यापुढे सरकवला. “खाई लो बेन, भूखे पेटे बीक वधारे लागे,” म्हणाल्या. उपाशीपोटी भीती जास्त लागते. माझ्या आजाराचं पहिलं खरं निदान त्या काकींनी केलं होतं, पण ते तेव्हा कुठे कळायला?

डॉक्टर म्हणाले, “हृदय ठणठणीत आहे. ॲसिडिटी.” घरी येताना मला आनंद व्हायला हवा होता. मला लाज वाटत होती. एवढा गोंधळ घातला, आणि निघालं काय, तर पित्त.

कानबाई

आम्ही मूळचे खानदेशातले. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला नथ, डोळे, दागिने लावून देवी सजवतात, गव्हाचे रोट होतात आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत तिची पाठवणी करतात. सुरतेत आमची गल्लीच्या गल्ली खानदेशी असल्यामुळे त्या सकाळी बमरोलीत नाही, थेट अमळनेरात उभं असल्यासारखं वाटतं.

त्या वर्षी मिरवणुकीत मी आत्यांच्या मागे होते. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्यात सासूला आत्याच म्हणतात. बँडवाल्याने कानाशी ताशा धरला, मागून बायांची गर्दी दाबत आली, आणि हजेरीच्या दिवशीचं ते सगळं पुन्हा सुरू झालं. श्वास गेला. अंग थरथरायला लागलं. केस सुटले. तोंडातून एक आवाज निघाला, तो माझा मलाच ओळखू आला नाही.

“उनी! माय उनी!” कोणीतरी ओरडलं. आली, देवी आली.

बँड थांबला नाही, उलट वाढला. बाया बाजूला झाल्या आणि मध्ये मी एकटी कापत उभी. कोणी माझ्या कपाळाला हळद-कुंकू लावलं, कोणी पायावर पाणी घातलं. ज्या बाया नळावर मला ‘मास्तरीणबाई, जरा सरका’ म्हणायच्या, त्या पायाशी वाकल्या. मला म्हणायचं होतं, मला खुर्ची द्या, मला हवा लागू द्या. पण देवीला कोण खुर्ची देतं?

आत्यांचं तोंड मात्र उजळलं होतं. शाळेत मी कोसळल्यापासून गल्लीत कुजबुज होती, ती त्यांनी तिथल्या तिथे मिटवली. “मन्ही सून येडी नही शे,” त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “तिन्हा अंगमा देवी येस.”

वेडी की देवी, एवढ्या दोनच खुर्च्या होत्या. मी मुकाट्याने बरी वाटणारी खुर्ची घेतली.

प्रश्न

मग दर मंगळवारी बाया यायला लागल्या. मी शाळेतून यायची, आत्यांनी पाट मांडून ठेवलेला असायचा. घराचं काय, नवऱ्याच्या दारूचं काय, पोराच्या लग्नाचं काय. कधी काही व्हायचं नाही, तर कधी नुसत्या त्या बायांच्या बघण्यानेच अंग कापायला लागायचं. जे बोलले ते बोलले. आत्या त्याचा अर्थ लावायच्या.

एका मंगळवारी पलीकडच्या खोलीतली लता आली, मुलगी पूनमला घेऊन. पूनमला फीट येते. सरकारी दवाखान्याच्या गोळ्या चालू होत्या आणि गोळ्यांनी ती वर्गात पेंगते, अशी लताची तक्रार होती. पूनम माझ्याच शाळेची, ती पेंगायची हे खरं. पण तिची फीट मी पाहिली होती. त्यापेक्षा पेंगणं परवडलं.

लताने पदर पसरला. “माय, पोरन्या गोळ्या बंद करू का?”

मास्तरीण म्हणून मला उत्तर ठाऊक होतं. पण पाटावर मास्तरीण नव्हती ना! मी नुसती कापत राहिले. शेवटी आत्यांनीच निकाल दिला, “देवी पुढली कानबाईले सांगी.” लता मान डोलावत गेली. पुढच्या कानबाईपर्यंत गोळ्या चालू राहणार होत्या. त्यानंतरचं माझ्या थरथरण्यावर होतं.

त्या दिवसापासून मी मनापासून घाबरले. आतापर्यंत मरणाची भीती होती, आता दुसऱ्याच्या पोरीचं काही होईल याची. अटॅक रोजचे झाले. रिक्षात बसवेना, बाजारात जाववेना. शेवटी शाळेत बिनपगारी रजा टाकली.

दाताचा डॉक्टर

आमचे हे मला घेऊन निघाले, आत्यांना सांगितलं, “हिचा दात दुखतो.” तो दात पुढे कितीतरी महिने दुखत राहिला.

मनाच्या डॉक्टरबाई वयाने माझ्यापेक्षा लहान. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. मग म्हणाल्या, “याला पॅनिक अटॅक म्हणतात. तुम्ही यात मरत नाही. तुम्ही वेड्याही नाही. हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.”

मी तिथेच ढसाढसा रडले. आजाराचं नाव कळल्यावर लोक घाबरून रडतात, मी सुटल्यासारखी रडले. आमचे हे गडबडून गेले, माझ्या पाठीवर हात आपटत राहिले, कपडा झटकावा तसे. “अगं टेन्शन लेऊ नको, औषध शे ना,” म्हणत होते, आणि त्यांचेच डोळे भरले होते.

गोळ्यांनी पहिले काही आठवडे तोंड कोरडं पडलं, झोप यायची, आणि फरक हळूहळू दिसला. डॉक्टरबाईंनी सांगितलं, गोळीबरोबर बोलणंही हवं, आणि हेतलबेनचं नाव दिलं.

हेतलबेन समुपदेशक. कतारगामच्या, हिऱ्याच्या कारागिराच्या घरातल्या. त्या गुजरातीत बोलायच्या, मी हिंदीत उत्तर द्यायची. इथे दोघींचं मराठीत लिहिते आहे. काही बैठका झाल्या आणि त्या एकदा हसून म्हणाल्या, “तुम्ही फार छान बोलता, बेन. अडचण तीच आहे.”

खरं होतं. मी माझ्या आजारावर धडा घेत होते. कारणं, परिणाम, निष्कर्ष. आई वारली तेव्हा तेरावं उरकून मी दुसऱ्या दिवशी वर्गावर कशी उभी राहिले, हेसुद्धा मी त्यांना कौतुकाने सांगितलं होतं, जणू कुणा दुसऱ्या बाईची गोष्ट. डोळ्यांत टिपूस नाही.

“माझ्याकडे एक जागा आहे,” हेतलबेन म्हणाल्या, “तिथे बोलून काही उपयोग होत नाही. येता?”

ओलपाडच्या वाटेवर

जागा म्हणजे शहराबाहेर, ओलपाडच्या वाटेवर, उसाच्या शेतांमागचं एक फार्म. आमच्या ह्यांनी स्कूटरवर सोडलं आणि स्वतः फाटकाबाहेरच थांबले. मिलमध्ये त्यांनी सांगून ठेवलं होतं की बायको कॉम्प्युटरच्या क्लासला जाते.

माझ्या डोळ्यांसमोर वरातीची पांढरी घोडी होती, झुलीखाली घामेजलेली. मनात म्हटलं, आता बसवतील वर आणि गोल फिरवतील, म्हणजे मी पडेनच. तसं काहीच नव्हतं. बसायचंच नसतं. सगळं काम जमिनीवर, घोड्याच्या शेजारी उभं राहून. दोन माणसं कायम सोबत असतात: हेतलबेन माझ्याकडे बघायच्या आणि जशुभाई घोड्यांकडे. जशुभाई म्हणजे ज्यांचं हे फार्म ते. मिशा पिळदार, आवाज मऊ. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या चपला बघितल्या आणि मान हलवली. बंद बूट हवेत, घोड्याच्या मागे कधी उभं राहायचं नाही, ओढणी-पदर खोचून घ्यायचा, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असलं तर उत्तम. एवढं सांगून त्यांनी मला आपल्या बायकोचे बूट आणून दिले. ते दोन नंबर मोठे होते.

त्या दिवशी मी काय केलं? कुंपणाबाहेर एका खाटेवर बसले आणि चरणारे घोडे पाहिले. बस. हेतलबेनना विचारलं, “काय करायचं?” तर म्हणाल्या, “उतावळ नथी, बेन.” घाई नाही. मला घाई नसण्याची सवय नव्हती. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, “यातला कोणता घोडा कसा आहे, असं वाटतं?” मी लगेच वर्गातल्या पोरांसारखे घोडे लावून टाकले. हा दंगेखोर, हा अभ्यासू. आणि एक बदामी घोडी होती, काठेवाडी, कानांची टोकं वर जाऊन एकमेकांना टेकणारी. ती सगळ्यांपासून लांब उभी होती.

“ती?”

“ती ठीक आहे,” मी म्हटलं. “तिला कुणाची गरज नाही.”

मला एकदम माझंच बोलणं ऐकू आलं आणि मी दुसरीकडे पाहिलं. घोडीचं नाव ढेल. गुजरातीत ढेल म्हणजे लांडोर.

दोर

पुढच्या खेपेपासून ढेल आणि मी. आधी तिला आपला हात हुंगू द्यायचा. तिला यायची इच्छा नसेल तर ती यायची नाही, आणि ते तिचं तिच्यापाशी. मग ब्रशने अंग घासायचं. घोड्याच्या अंगाचा वास मला आवडेल असं कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. वाळलेल्या गवताचा, उन्हाचा, थोडा घामाचा. तिचा श्वास लांब चालायचा. घासता घासता माझाही लांब व्हायचा, कोणी ‘दीर्घ श्वास घ्या’ असं न सांगता. ते सांगणारे सगळे मला एव्हाना नकोसे झाले होते.

एकदा तिला दोर धरून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला न्यायचं होतं. मी दोर धरला, “चल” म्हटलं. ढेल हलली नाही. मी गोड बोलले. मग चौथीच्या वर्गाचा आवाज काढला. मग ओढलं. ती खांबासारखी उभी. जशुभाई लांबून म्हणाले, “ढेलने खेंचवानी नहीं, बेन.” ओढायचं नाही. हेतलबेननी विचारलं, “तुमचे खांदे कुठे आहेत आत्ता?”

माझे खांदे कानांपर्यंत गेले होते. तोंडाने मी ‘चल’ म्हणत होते आणि अंग ‘नको, नको’ ओरडत होतं. मी खांदे सोडले, दोर सैल केला, जिथे जायचं तिकडे बघितलं आणि पाऊल टाकलं. ढेल मागे चालू लागली. मला इतका आनंद झाला की मी वळून तिच्याशी खानदेशीत बोलले.

पण ज्या दिवसाने मला खरं बदललं तो नंतरचा. त्या दिवशी ढेल खुशीत होती, माझ्या अंगावर येत होती. नाकाने ढकलायची, मी एक पाऊल मागे. पुन्हा ढकलायची, मी आणखी मागे. माझ्या तोंडावर हसू होतं. पाहुण्यांना ‘असू द्या, असू द्या’ म्हणताना असतं तसं. मागे जाता जाता माझी पाठ कुंपणाला टेकली.

हेतलबेननी शांतपणे विचारलं, “कुंपण नसतं तर कुठपर्यंत गेला असता?”

“अमळनेरपर्यंत,” मी म्हटलं, आणि हसता हसता मला रडू कोसळलं.

अमळनेरात माझी आई गेली होती. तिच्यासाठी मी रडले नव्हते, कारण सगळ्यांना माझा खांदा हवा होता. मी कुंपणाला टेकून किती रडले माहीत नाही. हेतलबेननी मला गप्प केलं नाही. ढेलही कुठे गेली नाही. मान खाली घालून उभी राहिली, एकदा जबडा हलवून चाटल्यासारखं केलं. मी लगेच म्हटलं, “तिला कळलं.” हेतलबेन प्रामाणिक बाई. म्हणाल्या, “काय कळलं ते मला नाही सांगता येणार. ती तुमच्यापाशी थांबली एवढं आपण दोघींनी पाहिलं.” त्यांचं हे फार आवडायचं मला. त्या घोडीला कधी देव करत नसत. देव केल्याने काय होतं ते मी भोगत होतेच.

डोळे पुसल्यावर त्यांनी मला एक गोष्ट शिकवली. पाय रोवायचे, श्वास सोडायचा, तळहात वर करायचा आणि मनापासून ‘मागे’ म्हणायचं. राग नको, माफी नको. पहिल्या दोन वेळा माझा हात माफी मागत होता, ढेलने ढुंकून पाहिलं नाही. तिसऱ्यांदा तिने कान टवकारले आणि शांतपणे दोन पावलं मागे सरली. रुसली नाही. निघूनही गेली नाही. तिथेच उभी राहून माझ्याकडे बघत राहिली.

चाळिशी उलटलेल्या मला हे नवीन होतं. ‘मागे’ म्हटलं तरी समोरचं आपल्यापाशी राहू शकतं.

जाणाऱ्यांसाठी थोडं

कुणाला जायचं असेल तर ऐका. घोडी जादू करत नाही. एकदा ढेलने मला पाठ दाखवली आणि सगळा वेळ गवत खाल्लं; मी चिडून घरी आले, भांडी आपटली. त्यावर पुढच्या वेळी हेतलबेनशी जे बोलणं झालं ते मोलाचं होतं, पण त्या दिवशी नुसता ताप झाला. गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडायच्या नाहीत, घोड्यापायी तर नाहीच. केसांची-धुळीची ॲलर्जी, दमा असेल तर आधी सांगा. घोड्याची भीती वाटत असेल तर तेही सांगा, कुंपणाबाहेरून सुरुवात होते आणि कधीकधी तिथेच पुरतं. नुसते घोडे असून भागत नाही. मनाचं शिकलेलं माणूस शेजारी आहे ना, ते विचारून घ्या. आणि तिथे काय झालं ते सगळं घरात एका दमात सांगायची घाई करू नका.

मी केली होती. दाताचं सोंग किती दिवस चालणार? एका सकाळी माझ्या नव्या बुटाला लागलेली लीद बघून आत्यांनी विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं.

“घोडाजोडे जाईसन माणूस बरं व्हस का?” त्या म्हणाल्या. “घरमा देवी येस ती सोडीसन तू जनावरना दारे जास?”

त्या मंगळवारी मी पाटावर बसले नाही. आत्या माझ्याशी कामापुरतं बोलू लागल्या. आमचे हे मध्ये सापडले. आईच्या बाजूला बसले तर बायको दिसते आणि बायकोच्या बाजूला बसले तर आई, म्हणून बिचारे गॅलरीत बसायला लागले. पण मला सोडायला दर आठवड्याला आले, आणि थंडी संपता संपता एकदा फाटकाच्या आतही आले. मिलमध्येही त्यांनी कॉम्प्युटरचं खोटं सोडून दिलं. मी शाळेत परत रुजू झाले. हजेरी घ्यायला लागले. पाटलांच्या रांगेला अजून छातीत थोडं हलायचं, पण मी पुढे जायची.

पुन्हा सोमवार

श्रावण आला. लता भेटेल तिथे एकच म्हणायची, “आते जवळ उनी कानबाई.” आता जवळ आली म्हणजे. तिला मी दोनदा समजावलं की गोळ्या बंद करू नकोस. तिने ऐकलं आणि मान हलवली, पण माझं ते मास्तरीणचं बोलणं होतं. तिला देवीचं हवं होतं.

हेतलबेन म्हणाल्या, “मिरवणुकीला नाही गेलात तरी चालेल.” मी जाणार होते. माझी गल्ली, माझी कानबाई. भीतीला एवढं द्यायचं नव्हतं.

सोमवारी सकाळी बँड सुरू झाला. वळणावर गर्दी दाटली आणि ते आलंच. खोटं कशाला सांगू, मी बरी झाले म्हणजे ते येतच नाही असं नाही. बोटांत मुंग्या, श्वास तोकडा, अंगात थरथर. बायांनी ओळखलं. “उनी! माय उनी!” रिंगण मोकळं झालं. लता पूनमला ओढत आली आणि तिला माझ्या पायांवर घातलं. “माय, सांग आते! बंद करू का?”

पूनम पायाशी पडून वर बघत होती. देवीकडे नाही, मास्तरीणबाईंकडे. वर्गात बघते तशी.

मी पाय रोवले. श्वास सोडला, लांब, पुन्हा एकदा. तळहात वर केला. पुढे रेटणाऱ्या बाया थबकल्या आणि दोन पावलं मागे सरल्या. थरथर चालूच होती, पण आवाज माझा होता.

“लता, ऊठ. पूनमला उचल. ही देवी नाही, हा माझा आजार आहे. मला दवाखान्याच्या गोळ्या चालू आहेत, तशा पूनमलाही चालू ठेवायच्या. डॉक्टर बंद म्हणतील तेव्हाच बंद.”

ताशा थांबला. मग मागून एक म्हातारी भक्तिभावाने ओरडली, “ऐकं का? देवीनी सांगं! गोळ्या चालू ठेवाना!”

आणि सगळ्या बायांनी हात जोडले.

मी काय करणार? हसायला लागले. थरथरत हसत होते, पूनमही हसायला लागली. लताने कपाळ जमिनीला टेकवलं आणि गोळ्या न सोडण्याची शपथ घेतली. दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी जाऊन पुन्हा बसले, देवी नाही म्हणून चांगलं खडसावून सांगितलं, आणि पेंगण्याचं विचारायला दोघींना घेऊन त्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी गोळीची वेळ बदलली. पूनम आता वर्गात जागी असते आणि दंगा करते.

रोट

पण त्या सोमवारी दुपारी, तापीवर पाठवणी करून टेम्पोने परत आल्यावर, घरात आत्या आणि मी दोघीच होतो. चारचौघांत मी त्यांचा शब्द मोडला होता. कानबाईचा रोट बाहेर कोणाला देत नाहीत, घरच्यांनीच खाऊन संपवायचा असतो. आत्यांनी ताटात रोट कुस्करला, दूध घातलं आणि ताट मध्ये ठेवलं. आम्ही एकाच ताटातून खात होतो. मला माफी मागावीशी वाटत होती. मी ती गिळून गप्प बसले.

मग त्या ताटाकडेच बघत म्हणाल्या, “मी नवी नवरी व्हतू तवय मन्ही सासू माले मारे. लाकूड लिसन मारे.”

हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. ह्यांनाही ठाऊक नसावं.

“एक साल कानबाईले मन्हं अंग कापाले लागनं. बाया पाय पडन्यात. सासू बी पडनी. तठून तिनी माले हात लाया नही.” त्यांनी पदराने तोंड पुसलं. “देवी व्हती का नही, माले ठाऊक नही. तू शाळामा पडनी, लोके येडी म्हणाले लागनात. मंग तुन्हं अंग कापनं आनि माले वाटनं, हाई पोर वाची गयी. आते हिले कोणी काही बोलाव नही.” मग खूप हळू म्हणाल्या, “तुले द्याले मन्हाजोडे तेच व्हतं.”

या बाईने मला पाटावर बसवलं म्हणून मी वर्षभर मनात तिचा राग राग केला होता. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिने माझ्यावर कधी हात उगारला नव्हता, कधी वेडंवाकडं बोलली नव्हती, आणि मी ते गृहीत धरलं होतं. सासूकडून मिळालेला मार तिने पुढे दिला नाही. त्यातून वाचायचा एकच उपाय तिला सापडला होता, तो जपून ठेवला आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा मला दिला.

मी उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. आईच्या मांडीवर ठेवायचं राहून गेलं होतं. त्यांचा खरखरीत हात माझ्या केसांवर आला. दोघी रडलो, आणि त्या घरात आम्हाला बघायला, पाया पडायला कोणीही नव्हतं.